पाच मिनिटांची फ्रेम

चष्मेवाला वाईट माणूस होता असं त्या गल्लीत कुणीही म्हणालं नसतं. दुकानात आलेल्या म्हाताऱ्यांच्या चष्म्यांचे स्क्रू तो फुकट घट्ट करून द्यायचा, आणि एखाद्याला नव्या नंबरची गरज नसेल तर तसं तोंडावर सांगून गिऱ्हाईक परत पाठवायचा. धंद्यात असं वागणारी माणसं किती सापडतात ते आपल्याला माहीत आहे. तेव्हा पुढे जे झालं ते एका भल्या माणसाच्या हातून झालं, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर आपण पहिल्यापासून त्याच्यावर डोळे वटारून बसू आणि स्वतःला त्यातून अलगद सोडवून घेऊ.

त्याला नाद एकच होता, पण तो पुरेसा होता. दुसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या घराला मागच्या अंगाला बाल्कनी होती. तिथे लोखंडी तिवईवर हातभर लांबीची दुर्बीण, दुर्बिणीच्या बुडाला कॅमेरा, आकाशाबरोबर दुर्बीण फिरवत ठेवणारी मोटर आणि छोट्या टेबलावरच्या लॅपटॉपपर्यंत गेलेलं वायरींचं जंजाळ. यातून तो तेजोमेघांचे फोटो काढायचा. तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांच्या मधल्या जागेत पसरलेला वायू आणि धूळ. नुसत्या डोळ्यांना तिथे काळोखाशिवाय काही दिसत नाही. कॅमेरा पाच मिनिटं उघडा ठेवला की एक फ्रेम होते, आणि त्या फ्रेममध्येही बघण्यासारखं जवळपास काही नसतं. अशा शेकडो फ्रेम्स एकावर एक रचल्या की मग कुठे तांबूस धूर दिसायला लागतो. कुणी विचारलं, की नेटवर याहून चांगले फोटो आयते मिळतात मग ही उठाठेव कशाला, तर तो हसायचा आणि विषय बदलायचा.

खरं कारण त्याची मुलगी होती. बायको अकरा वर्षांपूर्वी वेगळी झाली, तीही फारशी भांडाभांडी न होता, म्हणजे समेटालाही काही जागा उरली नाही. मुलगी पुढे नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. बापलेकींना एकमेकांशी बोलायला काहीतरी हवं होतं, ते हे मिळालं. फ्रेम्स तो काढायचा आणि रचायची ती. पहाटे लॅपटॉप आपोआप रात्रीच्या फ्रेम्स तिच्याकडे पाठवून द्यायचा, आणि संध्याकाळी तिचा फोन यायचा. बाबा, काल वारा होता का, तारे जरा लांबट आलेत. बाबा, दोनच्या सुमारास ढग आले होते ना. तिला त्याच्या रात्रीतलं सगळं दिसायचं, आणि यात त्याला फार बरं वाटायचं.

त्या वर्षी दोघांनी मृग नक्षत्राभोवतीचं कडं हातात घेतलं होतं. मृगाच्या एका अंगाला वायूचं एक अवाढव्य, फिकट अर्धं कडं आहे, शहरातून ते टिपणं म्हणजे डोकेफोडच. साठ तासांचा उजेड गोळा करायचा असं ठरलं होतं. थंडी अर्धी सरली तेव्हा एक्केचाळीस तास झाले होते.

घोडं पेंड खात होतं ते जिन्यातल्या दिव्यापाशी. बाल्कनीला लागून जिन्याची खिडकी होती आणि आत, बरोबर त्याच्या दारासमोर, दिवा. अंधार पडला की तो आपोआप लागायचा, त्याचं बटण खाली कुलूपबंद पेटीत. दुर्बिणीला लाल उजेडाचा एक बारीक पट्टाच आत सोडणारी काच लावली होती, तरी त्या दिव्याचा अंश फ्रेमच्या एका कोपऱ्यात शिरायचाच. कडं इतकं फिकट, की तेवढ्यानेही ते बुडून जायचं. त्याने एकदा वरच्या मजल्यावरच्या हेडबाईंकडे विषय काढून पाहिला. चाळीस वर्षं शाळेत आणि त्यातली बारा मुख्याध्यापिका, अशा त्या बाई. गल्लीतली अर्धी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली, चष्मेवाल्याची मुलगीसुद्धा. त्या एकट्या राहायच्या आणि तिथेच मरायचं असं त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

"नऊनंतर जिन्यातला दिवा बंद ठेवला तर चालेल का, बाई?"

"का हो? तुमच्या ताऱ्यांना उजेडाची लाज वाटते?"

"फोटोत येतो तो."

"अहो चष्मेवाले, माझी हाडं शहात्तर वर्षांची आहेत. तुमचे तारे माझ्याहून म्हातारे असतील, पण त्यांना जिना उतरावा लागत नाही."

 विषय तिथेच संपला. आणि मग त्याने, भल्या माणसांना सुचतो तसा, कुणालाच न दुखावणारा मार्ग काढला. रात्री सामसूम झाली की तो दार उघडून हात वर करायचा आणि दिवा दोन आटे मागे फिरवायचा. दिवा विझायचा. काम संपलं की दोन आटे पुढे. त्या जिन्याने वर जाणाऱ्या फक्त हेडबाई, आणि त्यांचं वेळापत्रक घड्याळाहून पक्कं. रात्री साडेनऊला त्या खाली उतरायच्या, फाटकाची कडी ओढून बघायच्या, कारण तळमजल्यावरची माणसं ती उघडी टाकतात असं त्यांचं म्हणणं होतं, आणि परत वर जायच्या. चष्मेवाला सव्वानऊला दिवा घट्ट करायचा, पावणेदहाला पुन्हा ढिला करायचा. यात रोज सहा फ्रेम्स वाया जायच्या. मुलीने एकदा विचारलंही होतं, की रोज सव्वानऊ ते पावणेदहा फ्रेमची पार्श्वभूमी उजळ का होते? कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा उजेड असेल, असं तो म्हणाला. तिच्याशी तो खोटं बोलला ते हे पहिलं.

ती रात्र आठ दिवसांच्या ढगांनंतर आली. दिवसभर वारा सुटून हवा धुऊन निघाली होती आणि संध्याकाळी तो वाराही पडला. असं आकाश शहरात वर्षातून दोनदा मिळालं तरी नशीब. मृग चांगला वर आलेला. दुर्बीण किती हलते ते दाखवणारी लॅपटॉपवरची रेघ, जी एरवी वरखाली उड्या मारते, ती जवळजवळ सरळ चालली होती. सव्वानऊ वाजले तेव्हा त्याने घड्याळ पाहिलं. एक फ्रेम घेऊन उठू, असं त्याने ठरवलं. वीस मिनिटांनी पुन्हा तसंच ठरवलं असतं, इतका तो रमला होता. नऊ सत्तावीसला पुढची फ्रेम सुरू झाली तेव्हा तो मनाशी म्हणाला, ही शेवटची.

साडेनऊला वरचं दार वाजलं.

बाल्कनी जुनी होती. उठलं बसलं तरी तिची फरशी हलायची, दुर्बीण थरथरायची आणि ताऱ्यांच्या टिंबांच्या जागी रेघा उमटायच्या. म्हणून फ्रेम चालू असताना हलायचं नाही हा त्याचा नियम होता, आणि दहा वर्षांत तो अंगात मुरला होता. मोठ्याने बोललं तरी तो स्वतःवर चिडायचा. फ्रेमची दोन मिनिटं राहिली होती. बाईंच्या चपलांचा आवाज वरच्या चार पायऱ्या उतरला आणि थांबला.

"दिवा गेला वाटतं," बाई स्वतःशीच म्हणाल्या.

हे त्याने ऐकलं. खिडकीच्या पलीकडून, स्वच्छ ऐकलं. बाई, थांबा, एवढंच ओरडायचं होतं. त्याला वाटलं, त्या परत फिरतील. दिवा नाही म्हटल्यावर शहाणा माणूस मागे फिरतो, आणि बाई तर शहाण्याच होत्या. पण चाळीस वर्षं रोज नेमाने वागलेल्या माणसाला दिव्यावाचून अडायची सवय नसते. चपला पुन्हा वाजल्या, सावकाश. मधे वळण होतं आणि वळणावर कठडा नव्हता. चष्मेवाला श्वास रोखून स्टुलावर बसून राहिला आणि लॅपटॉपवर सेकंद मोजत राहिला. एक मिनिट दहा. एक मिनिट पाच.

मग तो आवाज झाला. त्याचं वर्णन नको.

तो धावला, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. स्टूल उलथलं, दार आपटलं. पण बाहेरच्या अंधारात पाऊल ठेवताना त्याचा हात वर गेला. असा तो हात शेकडो वेळा गेला होता. दोन आटे. दिवा लागला, आणि मग तो बाईंकडे गेला. आपण आधी काय केलं आणि नंतर काय, हे त्याला त्या क्षणी कळलंही नव्हतं. कळलं ते तळमजल्यावरचा शिंपी धापा टाकत वर आला तेव्हा.

"कशा पडलात, बाई?"

"अंधार होता," बाई म्हणाल्या. त्यांचा पाय अंगाखाली भलतीकडेच वळला होता आणि चेहरा राखेसारखा पांढरा पडला होता, तरी आवाज वर्गातलाच. "दिवा गेला होता."

शिंप्याने वर बघितलं. "दिवा तर लागलाय."

बाईंनीही वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्या चष्मेवाल्याकडे वळल्या. तो खाली बसून त्यांचं डोकं मांडीवर घेत होता, आणि त्याने तोंड उघडलं नाही.

खुबा मोडला होता. सळई घालावी लागली. पहिले आठ दिवस बाई येईल त्याला ठणकावून सांगत होत्या, की दिवा गेला होता, सोसायटीने लक्ष द्यावं, उद्या आणखी कुणी पडेल. हॉस्पिटलातल्या खाटेवरूनच त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरीला पत्रही लिहिलं. सेक्रेटरीने वायरमन आणून दिवा तपासला, वायर तपासली, पेटी तपासली. कशातही दोष नव्हता. शिंपी शपथेवर सांगत होता की तो आला तेव्हा दिवा लख्ख होता. बाईंना कुणी खोटं पाडलं नाही. लोक नुसतं "हो बाई, असेल" म्हणायचे, आणि खोलीबाहेर आल्यावर एकमेकांकडे बघायचे. वाद घातला असता तर बाई जिंकल्या असत्या. या हो ला हो करण्यापुढे त्यांचं काही चाललं नाही.

चष्मेवाला दिवसाआड हॉस्पिटलात जायचा. वर्तमानपत्र न्यायचा, उशी नीट करायचा, नर्सला दोन शब्द सुनवायचा. सख्खा मुलगा करणार नाही इतकं करतात, असं बाई पाहुण्यांना सांगायच्या, आणि तो मान खाली घालायचा. लोकांना तो विनय वाटायचा. दर खेपेला तो ठरवून जायचा की आज सांगायचं, आणि दर खेपेला कुणीतरी बसलेलं असायचं, किंवा बाईंना नुकताच डोळा लागलेला असायचा, किंवा काहीच नसायचं आणि जीभच उचलायची नाही.

बाई पडल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला होता. लॅपटॉपने त्या पहाटेही आपलं काम चोख केलं होतं.

"बाबा, परवाच्या रात्री काय कमाल आकाश होतं. इतक्या स्वच्छ फ्रेम्स आपल्याला कधीच मिळाल्या नव्हत्या."

"हं."

"फक्त नऊ सत्तावीसची गेली. तारे पार फरफटलेत. आणि तिथून पुढे पार्श्वभूमी वर चढलीय ती पहाटेपर्यंत तशीच. तू पुढे लक्ष दिलं नाहीस?"

"बाई पडल्या ना. त्या गडबडीत होतो."

"हो, कळलं मला. शिंपीकाकांच्या मुलीने सांगितलं." पलीकडे माऊसच्या टिचक्या वाजल्या. "किती वाजता पडल्या रे?"

उत्तर देण्यात अर्थ नव्हता. ती हुशार होती आणि आकडे तिच्यासमोर होते. रोजचा तो सव्वानऊ ते पावणेदहाचा उजेड, त्या रात्री नेमका नसलेला, आणि मग साडेनऊनंतर एका झटक्यात आलेला. स्वयंपाकघरांचे उजेड असे वागत नाहीत.

"बाबा, दिवा तू बंद करतोस?"

"दोन आटे ढिला करतो फक्त."

"आणि बाई म्हणतायत अंधार होता, तर सगळे त्यांना वेड्यात काढतायत."

"वेड्यात कुणी काढत नाही गं, चिमे."

"तू सांग त्यांना. मी सांगणार नाही, तूच सांगायचं. आणि सांगेपर्यंत मला फोन करू नकोस." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "त्या रात्रीच्या फ्रेम्स मी काढून टाकतेय. सगळ्या."

दीड महिन्याने बाई चाकाच्या खुर्चीतून घरी आल्या. त्यांचा मुलगा रजा काढून आला होता. हा मुलगा काही खलनायक नव्हता. दोन पोरं, बायकोची नोकरी आणि स्वतःची पाठदुखी यांनी पिचलेला, सरळ माणूस. आई तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते या काळजीने त्याचा जीव टांगणीला लागलेला असायचा, आणि आता ती काळजी खरी ठरली होती. तो एका दुपारी दुकानात आला.

"काका, आईचे डोळे तपासून द्याल? लागलेला दिवा दिसला नाही म्हणजे काहीतरी बिघाड असणार. डोळ्यांचं असेल तर निदान उपाय तरी करता येईल."

चष्मेवाल्याला वाटलं, देवाने दार उघडलं. डोळे उत्तम आहेत असं आपण लिहून दिलं, तर बाईंना दिसत नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. त्यांचं म्हणणं खरं ठरेल आणि आपल्याला काही सांगावंही लागणार नाही. तो त्या रात्री दीड महिन्यात पहिल्यांदा गाढ झोपला.

दुसऱ्या दिवशी मुलाने बाईंना खुर्चीतून दुकानात आणलं. आतल्या अंधाऱ्या खोलीत अक्षरांचा तक्ता उजळला. बाई वाचू लागल्या. त्या अक्षरं बरोबर वाचत होत्या, शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत, पण प्रत्येक अक्षरानंतर थांबत होत्या.

"क," त्या म्हणाल्या. "क आहे ना?"

"आहे, बाई."

"आणि हा... मला ठ दिसतोय. तुम्हाला काय दिसतंय?"

ज्या बाईंनी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवल्या, त्या आता दर अक्षराला त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. त्याने तपासणी लवकर आटोपली. बाहेर येऊन तो मुलाला छातीठोकपणे म्हणाला, "डोळे चांगले आहेत. या वयाच्या मानाने उत्तम. काहीही दोष नाही."

मुलगा खूश होईल असं त्याला वाटलं होतं. मुलाचा चेहरा उतरला.

"म्हणजे डोळ्यांचं नाही."

"अजिबात नाही."

"मग..." मुलाने आईकडे पाठ केली आणि एक बोट हळूच कपाळाच्या कडेला लावलं. "मग हे, काका."

चष्म्याच्या दुकानात चारी भिंतींना आरसे असतात. बाईंनी ते बोट पाहिलं. त्यांचे डोळे खरोखरच चांगले होते. त्यांनी नजर खाली घेतली आणि मांडीवरची शाल नीट केली. आता बोल, असं चष्मेवाला स्वतःला म्हणत होता. तेवढ्यात एक बाई मुलाचा मोडका चष्मा घेऊन दुकानात शिरल्या आणि तो त्यांच्याकडे वळला.

पुढचं सगळं फार समजूतदारपणे झालं. मुलाने आईला एका डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला सांगितले. बाईंनी सगळं अचूक सांगितलं. मग डॉक्टरांनी त्या रात्रीबद्दल विचारलं. दिवा होता की नव्हता?  "असावा," बाई म्हणाल्या. "सगळे म्हणतात तर असावाच. मला मात्र अंधार आठवतो." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मुलाच्या शहरात वृद्धांसाठी एक चांगली जागा होती, चोवीस तास माणसं, जिना नाही. तिथे खोली ठरली. घर तूर्त बंद ठेवायचं, पुढचं पुढे. बाईंनी कटकट केली नाही. आपल्या घरात मरायचं म्हणून सगळ्यांना बजावणाऱ्या बाई मुकाट्याने कपाटं रिकामी करू लागल्या. हे बघून शेजारणींना त्यांच्या आजाराची खात्रीच पटली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी चष्मेवाला लॅपटॉप काखेत मारून वर गेला. मुलगा टेम्पोवाल्याशी बोलायला खाली गेला होता. बाई पलंगावर बसून जुने कागद लावत होत्या.

"बाई, दिवा बंद होता," तो दारातूनच म्हणाला. "मी बंद केला होता. रोज करायचो. तुम्ही पडल्यावर मीच लावला."

त्याने सगळं सांगितलं. आटे, सव्वानऊ, ती शेवटची फ्रेम. "दिवा गेला वाटतं, असं म्हणालात तुम्ही. मी ऐकलं. ऐकून बसून राहिलो." सांगता सांगता त्याला रडू फुटलं.

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून तो वाट बघत होता. राग आला नाही. आली ती माया, आणि ती बघून त्याची पाचावर धारण बसली.

"बसा," बाई म्हणाल्या. "मी चाळीस वर्षं शाळेत काढली. दुसऱ्याचा मार आपल्या पाठीवर घ्यायला येणारी मुलं मला लांबून ओळखू येतात."

"नाही हो बाई, खरंच..."

"मी काय म्हणाले ते मी सगळ्या गल्लीला सांगितलंय. तुम्हालाही दहा वेळा सांगितलंय. मला बरं वाटावं म्हणून आलात, ते कळलं मला."

"माझ्याकडे पुरावा आहे." त्याने लॅपटॉप उघडला. फाइल पटकन सापडेना. मुलीने फ्रेम्स काढून टाकल्या तरी त्याच्याकडे त्या होत्या. त्याने दोन फ्रेम्स शेजारी शेजारी लावल्या. "ही बघा, नऊ बावीसची. दिवा बंद. आणि ही नऊ बत्तीसची. दिवा लागलेला."

बाईंनी चष्मा लावला, वाकून पाहिलं. एकीकडून दुसरीकडे, पुन्हा पहिलीकडे.

"मला दोन्ही सारख्याच दिसतात."

त्याने पडद्याकडे बघितलं. दोन्ही सारख्याच होत्या. दिसणारच होत्या. मूळ फ्रेम इतकी काळी असते की संगणक प्रत्येक फ्रेम दिसण्यापुरती आपणच उजळून दाखवतो, कमी असेल ती जास्त, जास्त असेल ती कमी. सगळ्या एका पातळीवर येतात. फरक उरतो तो आकड्यांत. दहा वर्षं तो हेच करत होता, आणि हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"चित्रात नाही दिसणार, बाई. खाली उजेडाचा आकडा बघा. हा चारशे बारा, हा पाचशे नव्वद."

"आकड्यांतलं मला काय कळतं? तुम्ही सांगाल ते खरं." त्यांनी चष्मा काढला. "आणि डोळे माझे चांगले आहेत. तुम्हीच सांगितलंत ना तसं? मग दिसत नाही ते कशामुळे, ते मला आता कळायला हवं."

"माझ्या मुलीला विचारा. तिला सगळं माहीत आहे."

"ती गुणी पोर आहे. तुम्ही सांगितलंत तर तीही म्हणेल."

तेवढ्यात मुलगा वर आला. दोघांकडे आणि लॅपटॉपकडे बघून तो घुटमळला. चष्मेवाल्याने त्यालाही तेच सांगितलं, पहिल्यापासून, तुटक तुटक. मुलगा ऐकत होता, आणि मधे एकदा, दोन आट्यांचं ऐकताना, त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं. त्याने क्षणभर विश्वास ठेवला असावा. पण खाली टेम्पो ठरला होता, खोली ठरली होती, आणि गेल्या दोन महिन्यांत त्याला पहिल्यांदाच शांत झोप लागत होती. कुणालाही तो क्षण धरून ठेवणं जड गेलं असतं.

"काका, दिवा काय, कुठलाही ढिला होतो," तो हळू म्हणाला. "तुम्ही आमच्यासाठी खूप केलंत. हे असं काही मनाला लावून घेऊ नका."

रात्री चष्मेवाल्याने मुलीला कळवलं, "सांगितलं." थोड्या वेळाने तिचं उत्तर आलं, "मग?" त्याने फोन उपडा ठेवला. 

सकाळी दहाला दोन माणसांनी बाईंना खुर्चीसकट उचललं. शिंपी पुढे, मुलगा मागे, शेजारणी दारादारांत. जिन्याच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं, पायऱ्यांवरची धूळसुद्धा दिसत होती. चष्मेवाला आपल्या दारात उभा होता. खुर्ची त्याच्यासमोर आली तेव्हा बाईंनी हात वर केला आणि माणसं थांबली. त्यांनी खालच्या वळणाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. बाकी कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्या म्हणाल्या,

"चष्मेवाले, आता उजेड आहे ना?"

"आहे, बाई," तो म्हणाला.

बाईंनी मान डोलावली, खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले, आणि माणसं पायऱ्या उतरू लागली.